ओवी कटकट गेटला पोहोचली

एप्रिलमधली दुपार होती आणि आमच्या शहरातल्या सिडको वसाहतीत वीज गेली होती. मी मोबाइलवर एफएम सुरू केलं. इअरफोनची वायर हीच मोबाइलच्या रेडिओची अँटेना असते, म्हणून ती खिडकीच्या गजाला अडकवली आणि स्टेशन शोधत राहिले. ९०.८ वर एक भारूड लागलं. एकतारी, चिपळ्या आणि एक राकट, मोकळा आवाज. माझं आजोळ पैठणचं, त्यामुळे नाथांची भारुडं लहानपणापासून कानावर आहेत. पण हा आवाज कुठे ऐकलेला नव्हता. भारूड संपलं तशी निवेदिकेनं गाणाऱ्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, मुकुंदवाडीला राहतात."

मुकुंदवाडी माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. इतक्या जवळ असं गाणं आहे आणि ते मला पन्नाशीत कळतंय, हे मनाला फार लागलं. वीज आली तरी पंखा लावायचं सुचलं नाही.

ते स्टेशन म्हणजे एन-सहामधल्या महात्मा गांधी मिशनच्या आवारातून चालणारा 'रेडिओ एमजीएम', आपल्या शहरातला सामुदायिक रेडिओ. आठवडाभर ऐकल्यावर मी तिथे जाऊन विचारलं, "मला काही काम करता येईल का?" मी शाळेत मराठी शिकवते. रेडिओचं तंत्र मला ठाऊक नव्हतं. तिथल्या मुलांनी तासाभरात ध्वनिमुद्रण शिकवलं आणि सांगितलं, "मॅडम, तुमच्या ओळखीतली गाणारी माणसं आणा."

शिकवणाऱ्या माणसाला मुळाशी जायची सवय असते. हा रेडिओ आला कुठून, हे मी वाचून काढलं. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९५ साली त्याचा निकाल लागला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्या निकालानं सांगितलं आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी गृहस्थ. पुढे २००६ च्या धोरणानं शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही असा रेडिओ चालवायची मुभा दिली. तेलंगणातल्या माचनूरला २००८ मध्ये दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' उभा केला. आपल्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. अशा केंद्राची प्रभावी शक्ती साधारण १०० वॅट, म्हणजे जुन्या काळच्या मोठ्या पिवळ्या बल्बाएवढी. आवाज पोहोचतो दहा-पंधरा किलोमीटर.

हे अंतर वाचून पहिल्यांदा मला वाईट वाटलं होतं. पुढे जे घडलं त्यानंतर ते पुरेसं वाटू लागलं.

वर्गात मी ओवी शिकवत होते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आजी असलं लई म्हणते." आजी हर्सूलच्या जुन्या गावठाणात राहतात. रविवारी मी मोबाइल आणि एक छोटा माइक घेऊन गेले. आजींनी चहा दिला, पदर सावरून बसल्या आणि गप्प झाल्या. मी म्हटलं, "म्हणा ना." त्यांनी दोन शब्द उच्चारले आणि मान हलवली. "आठवत न्हाई ओ बाई. जात्याबिगर ओवी गळ्यातून निघत न्हाई."

जातं घरात होतं. वरची तळी मोरीपाशी उलटी घातलेली, तिच्यावर हंडा. खालची तळी तुळशीजवळ, खुंटा कधीच हरवलेला. आजींच्या मुलाला हाक मारून आम्ही दोन्ही दगड धुतले, एकावर एक बसवले. खुंट्याच्या जागी लाटण्याचा तुकडा ठोकला. आजींनी मूठभर ज्वारीची वैरण घातली आणि हात फिरवला. दगड घरघरला. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग थांबेनाच. विठ्ठलाची, भावाची, सासरी गेलेल्या लेकीची, भीमाची. प्रत्येक ओवीचा शेवट जात्याच्या फेऱ्याशी जुळून येत होता. आजींचा खांदा मागे जाई तेव्हा सूर चढे, पुढे येई तेव्हा उतरे. पुस्तकात ओवी चार चरणांची असते, हे मी वीस वर्षं शिकवत आले. तिचं माप हाताच्या फेऱ्यात आहे, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

ते ध्वनिमुद्रण मात्र वाया गेलं. ऐकताना कळलं की, सगळ्यावर पंख्याची भणभण बसली आहे. मी पुन्हा गेले. पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, पत्र्याच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. माइक जात्यापासून दूर, आजींच्या तोंडाशी वीतभर अंतरावर धरला. जात्याची घरघर ठेवायची होती, पण मागे, सुराखाली. दुसऱ्यांदा आजींनी अर्धा तास दळलं. पीठ परातीत भरलं आणि निघताना त्याच पिठाची गरम भाकरी मला दिली.

मराठवाड्यातल्या अशा ओव्यांचं मोल आधी ओळखणारी माणसं होऊन गेली आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, माजलगावच्या भीमनगरातल्या बाया त्यात आहेत. त्या कामाची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे ओवीपुढे बाईचं नाव आहे, गावाचं नाव आहे. नाहीतर आपण 'पारंपरिक' असा एक शब्द लिहून मोकळे होतो. ज्या बाईनं पहाटे चारला उठून ते गाणं रचलं, सांभाळलं, तिचं नाव त्या शब्दाखाली बुजून जातं.

म्हणून कार्यक्रमात मी आधी आजींचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग ओव्या लावल्या. (रेडिओवर नाव घ्यायची परवानगी त्यांनी दिली होती, छापायची मी विचारली नव्हती, म्हणून इथे लिहीत नाही.) हर्सूलला त्या दिवशी गल्लीतल्या बायका एका मोबाइलभोवती बसल्या होत्या. आजींनी स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ही तर माझ्या मायवानी बोलती."

तिसऱ्या दिवशी फोन आला. कटकट गेटजवळून एक तरुण बोलत होता. त्याच्या आजीनं, आम्ही पुढे त्यांना खाला म्हणू लागलो, त्या ओव्या ऐकल्या होत्या. त्यानं फोन त्यांच्याकडे दिला. खाला म्हणाल्या, "बेटी, ये तो हमारी अम्माँ का गाना है."

शब्द अर्थातच वेगळे होते. खालांची आई चक्की पिसताना दख्खनीत गायची, अल्लाची आणि पिरांची गाणी. मी शोध घेतला, तेव्हा कळलं की, याला 'चक्कीनामा' म्हणतात. विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात अशी गाणी रचली आणि घरोघरच्या बायकांनी ती दळताना म्हटली, असं रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे. त्या गाण्यांत जात्याच्या उभ्या खुंट्याला अलिफ या अक्षराची, म्हणजे अल्लाच्या नावाच्या पहिल्या अक्षराची उपमा आहे. आमच्या ओवीत बाई जात्याला देव म्हणून हाक मारते. एकच दगड, एकच पहाट, दोन्हीकडे बाईनं त्या दगडात आपला देव पाहिला.

मी खालांना हर्सूलला घेऊन गेले. दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसल्या. जड दळण असलं की पूर्वीही दोघी समोरासमोर बसायच्या. खुंट्यावर दोन हात आले. आजींनी एक ओवी म्हटली, खालांनी त्याच लयीत एक चक्कीनामा धरला. एकीला दुसरीचे शब्द पुरते कळत नव्हते. पण फेरा चुकला नाही. मी पंखा बंद ठेवून माइक धरून बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

हर्सूल ते कटकट गेट हे अंतर काही किलोमीटरचं. त्या दोघी याच शहरात म्हाताऱ्या झाल्या आणि एकमेकींच्या गाण्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. आपल्या शहरात वस्त्या वेगळ्या, बाजार वेगळे, मुलांच्या शाळाही वेगळ्या पडत चालल्या आहेत. मोबाइलवर आपण तेच मागवतो जे आधीपासून आवडतं. शेजारचं गाणं मागवायला त्याचं नाव माहीत असावं लागतं, आणि तेच माहीत नसतं. लहान रेडिओ न मागता ते आपल्यापर्यंत आणून देतो. त्याची दहा-पंधरा किलोमीटरची पोच मला म्हणूनच मोलाची वाटते. ऐकणारी बाई उठून गाणाऱ्या बाईच्या घरी जाऊ शकते.

तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी आजी, अम्माँ, काकू असेलच. येत्या रविवारी तिच्याकडे जा. पंखा बंद करा, मोबाइल तिच्या जवळ ठेवा. गाणं आठवत नसेल तर हाताला काम द्या, जातं असेल तर उत्तम, नसेल तर सूप, पाळणा, खलबत्ता. घाई करू नका. झाल्यावर तिला विचारून ते जवळच्या सामुदायिक रेडिओकडे न्या. आणि लावण्याआधी तिचं नाव सांगा, पूर्ण नाव, गावासकट.