मुंबईचे नाव, घाटाखालून पाहताना

मोठ्या शहरांच्या कीर्तीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्या शहरांत बसूनच लिहिलेले असते. त्यामुळे त्यात कीर्तीचे वर्णन भरपूर सापडते, कारणमीमांसा मात्र बेताचीच. बंदर खोल होते, माणसे उद्यमी होती, राज्यकर्ते दूरदृष्टीचे होते, एवढ्यावर भागवले जाते. आम्ही कर्जतला राहतो आणि बोरघाटाच्या पायथ्याशी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. येथून मुंबई दिसत नाही; पण मुंबईला जे जे जाते त्यातले पुष्कळसे आमच्या दारावरून जाते. एखादे शहर जगाच्या जिभेवर कसे चढते आणि त्याच्या शेजारची शहरे कशी पुसट होतात, हे पाहायला ही जागा वाईट नाही.

आधी आमच्याच नावाची गोष्ट. मुंबईच्या फलाटांवर 'कर्जत' आणि 'खोपोली' ही अक्षरे रोज लाखो लोक वाचतात. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच हवे असते, की गाडी जलद आहे की धिमी आणि ती बदलापूर घेईल की नाही. कोट्यवधी वेळा वाचले गेलेले हे नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे गाव उभे राहत नाही. घाटावरच्या माणसाला तर कर्जत म्हटले की जामखेडशेजारचे कर्जत आठवते. खालापूर टोलनाक्यापुरते उरले आहे. माथेरान आमच्या तालुक्यात असले तरी त्याचा परिचय 'मुंबईजवळचे थंड हवेचे ठिकाण' असाच होतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते शोधून काढले असे छापील माहिती सांगते. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते सापडलेलेच होते, याची नोंद कुणाला करावीशी वाटली नाही. राहता राहिला कर्जतचा वडा. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, ती जोडेपर्यंत गाडी थांबते, आणि थांबलेल्या प्रवाशाला भूक लागते. आमची एवढीशी कीर्तीही दुसऱ्याच्या खोळंब्यावर पोसलेली आहे.

हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. शहरांची कीर्ती गुणांवर ठरत नाही, लोकसंख्येवर तर नाहीच. वस्तू कोणत्या नावाने पुढे जाते यावर ती ठरते, असे आमचे मत होत गेले आहे. माल, पाणी, माणूस, मजकूर हे सारे कुठून तरी येते, एका वेशीपाशी त्याचे मूळचे नाव गळते आणि पुढच्या प्रवासात त्याला वेशीचेच नाव लागते. ज्या शहराच्या वेशीवर अशी नावे अधिक गळतात ते शहर मोठे होते.

याची जुनी साक्ष आमच्या तालुक्यातच आहे. राजमाचीच्या पोटात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या वाटेवर ती कोरली गेली. त्या काळी जगाच्या व्यापारात नाव होते ते या बंदरांचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासपुस्तिकेत तिन्ही नावे आहेत. त्याच पुस्तिकेत असेही नमूद आहे की राजसत्ता बदलल्यावर कल्याणच्या व्यापाराला अटकाव झाला, आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. कल्याणची खाडी त्या साली गाळाने भरली नव्हती, व्यापारीही आळशी झाले नव्हते. पहारेकऱ्यांनी जहाजाचे तोंड वळवले, एवढेच. एका शहराने दुसऱ्याला झाकोळण्याचा इतका उघडा दाखला आम्हांला दुसरा माहीत नाही. पुढच्या काळात ही जहाजे वळवण्याची कामे तह, जकाती आणि रेल्वेचे नकाशे यांनी अधिक सभ्यपणे केली.

मुंबईच्या बाबतीत हे काम ज्या वर्षांत झाले ती वर्षे आमच्या घाटावर मोजता येतात. पेशवाईत या वाटेचा सूर्य पुणे होता; खोपोलीचा तलाव आणि महादेवाचे देऊळ नाना फडणविसांनी बांधले ते पुण्याच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. घाट उतरलेला माल पनवेलपर्यंत रस्त्याने आणि तेथून होडीने मुंबईला जाई. पनवेल तेव्हा भरभराटीचे बंदर होते. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वरचा खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, आणि मधला घाट तयार होईपर्यंत प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून अथवा पायी वर चढत. ही पाच वर्षे खोपोलीच्या भाग्याची. १८६३ साली घाटातून लोहमार्ग सुरू झाला तो कर्जतच्या पुढे पळसदरीहून वर वळला, आणि खोपोली एका शाखेचे शेवटचे स्थानक होऊन बसली. पनवेलचा होड्यांचा व्यापारही ओसरला. म्हणजे ज्या कर्जतच्या वतीने आम्ही बोलतो आहोत त्यानेही शेजारणीला झाकोळलेच! आज तालुक्याचे नाव खालापूर आणि बाजारपेठ खोपोली, हे आणखी एक त्रांगडे.

घाट बांधताना हजारो मजूर पटकीने व अपघातांनी मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवे. मजुरांपैकी एकाचेही नाव आम्हांला सांगता येत नाही.

त्याच १८६३ साली मुंबईत गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. या योगायोगाकडे आमचे लक्ष गेल्यापासून ते पुस्तक आम्ही निराळ्या दृष्टीने वाचतो. माडगांवकर मूळचे गोमंतकातले. मुंबईचे वर्णन करणारा बाहेरून आला, छापखाना तेथेच होता, घेणारा वाचकही तेथेच होता. रस्ता १८३० चा, 'दर्पण' १८३२ चे. मालाची वेस आणि मजकुराची वेस एकाच ठिकाणी उभी राहिली, आणि मग मुंबईशी स्पर्धा करणे कुणालाच शक्य राहिले नाही. पुण्याचे असे वर्णन ना. वि. जोशी यांनी १८६८ साली केले, म्हणजे पाच वर्षांनी. द्रुतगती मार्गाला लोक 'मुंबई-पुणे' म्हणतात. 'पुणे-मुंबई' म्हणणारा पुणेकर आम्ही पाहिलेला आहे, पण त्याला तसे म्हणताना जरा जोर लावावा लागतो.

याउलट, मुंबई अजून जगाच्या नकाशावर उमटायची होती तेव्हा या मुलखातल्या माणसाला मोठी शहरे कोणती वाटत? आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी निघाले ते उत्तरेकडे. बायजाबाई शिंदे मथुरेत करणार असलेल्या यज्ञाची वार्ता त्यांना ओढून घेऊन गेली. इतकी जवळची मुंबई सोडून भिक्षुकाचे पाय ग्वाल्हेर-मथुरेकडे वळतात, यात त्या पिढीचा सारा भूगोल आहे.

नावाच्या या व्यवहाराचे परदेशातले उत्तम उदाहरण शिकागोचे. विल्यम क्रोनन या इतिहासकाराचे १९९१ साली निघालेले 'नेचर्स मेट्रोपोलिस' आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सुचवतो. पूर्वी शेतकऱ्याच्या गव्हाची गोणी त्याच्या नावाने बाजारात जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकागोच्या प्रचंड कोठारांत सगळ्यांचा गहू प्रत लावून एकत्र ओतला जाऊ लागला. गोणी गेली, शेत गेले, गाव गेले. उरला शिकागोचा अमुक प्रतीचा गहू. सेंट लुईस हे नदीकाठचे जुने, प्रतिष्ठित शहर मागे पडले. पण कीर्ती हिशेबाला किती कच्ची असते याचे उदाहरण आपल्याकडचेच घ्यावे. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांकडे हिंदी कापूस रवाना होई तो मुख्यतः मुंबईहून, आणि तेथे त्याला म्हणत 'सुरत'. त्यातही आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हलका माल या अर्थाने. सुरतेचे वैभव मुंबईकडे जाऊन कित्येक दशके लोटली होती. नफा मुंबईचा आणि बदनामी सुरतेची. नाव पोचायला उशीर लागतो, आणि पोचल्यावर हलायलाही.

विजेची कथा आम्हांला सर्वांत जवळची. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे. पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी लोणावळा-मावळच्या धरणांत अडवायचे, सुमारे पाचशे मीटर खाली पाडायचे आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. गिरण्यांच्या भोंग्यांनी मराठी कवितेला व कादंबरीला केवढे दिले! आम्ही नारायण सुर्वे शिकवतो, भाऊ पाध्ये शिकवतो, ढसाळांचा 'गोलपिठा' शिकवतो. त्यांच्याविषयी आमच्या मनात उणा शब्द नाही. परंतु गिरणीच्या त्या जगात वीज नेहमी असतेच, ती कुठून येते हे विचारले जात नाही. ते विचारले एकदाच, आणि साहित्याबाहेर. माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या लढ्यात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. राजधानी कशावर उभी आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आमच्या गावांतून त्यांची नावे चौकांना आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमात मात्र 'महानगरी साहित्य' आहे, 'ग्रामीण साहित्य' आहे. जेथून महानगराला वीज जाते आणि पहाटेच्या गाडीने कारकून जातो, अशा मधल्या प्रदेशासाठी रकाना नाही.

असो. कर्जतचे नाव अगदीच कुठे पोचले नाही असेही नाही. येथील भात संशोधन केंद्रातून निघालेली बियाणी 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' या नावांनी कोकणातल्या शेतकऱ्याला ठाऊक आहेत. त्या नकाशावर मुंबईला काही स्थान नाही. पण तो नकाशा परदेशी वृत्तपत्रे छापत नाहीत.

आता जे लिहायचे ते थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी ऐसपैस लिहिणे बरे वाटत नाही. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखाली मोरबे धरणाचा जलाशय आहे. धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे. पाणी नवी मुंबईला जाते. ('नवी मुंबई' हे नाव कुठवर पसरते याला मर्यादा नाही, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला त्या नावाचा विमानतळ पनवेल तालुक्यात आहे.) याच गडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचावपथके पावसात पायी चढून गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे बेपत्ता ठरवून चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. त्या दिवसांत बातमी देशाबाहेरही गेली, आणि जाताना मुंबईपासूनचे अंतर सोबत घेऊन गेली. दूरच्या वाचकाला जागा कळावी म्हणून ते द्यावे लागते, हे आम्हांला समजते. पण मुंबईहून अंतर मोजून सांगितल्याशिवाय ज्या वाडीचे मरणही कुठे पोचत नाही, तिचे पाणी आणि रस्ता यांची मागणी तिच्या जिवंतपणी कशी पोचावी?

दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला आम्ही माडगांवकरांतले उतारे वाचून दाखवतो आणि आपापल्या गावाचे वर्णन लिहून आणायला सांगतो. बहुतेक वह्यांत पहिले वाक्य ठरलेले असते: आमचे गाव मुंबईपासून इतक्या किलोमीटरवर आहे. ते खोडायला आम्ही सांगत नाही. बस नि लोकल यांवरच ज्यांचे आयुष्य चालते त्यांनी अंतर लिहिले तर काय वावगे? गेल्या खेपेस एका मुलीच्या वहीत पहिले वाक्य होते, 'आमची वाडी धरणाच्या वरच्या अंगाला आहे.' मुंबईचा उल्लेख तिने तिसऱ्या पानावर केला होता, तोही तिचा भाऊ तेथे वाहनचालक आहे म्हणून. आधीच्या दोन पानांत ओहोळांची नावे होती, करवंदांच्या जागा होत्या, आणि वाडीतल्या पंधरा घरांची घरागणिक माहिती होती. ती वही आम्ही परत द्यायला नाखूश होतो. पण तिला परीक्षेला हवी होती.