पाने टाकावीत कधी?

दिवाळीत रुपयाच्या ठरीव चालीने तीन पत्तीचा डाव मांडला, की नवख्याला एकही हात सोडवत नाही. चाल दहाची असती तर तो विचार करता. रुपयाची आहे म्हणून सत्ती-तिर्रीलाही कवटाळून बसतो! हिशेब मात्र निर्दय आहे. तीन पानांचे एकंदर २२,१०० हात संभवतात. त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात बहुधा मुकाट्याने खाली ठेवण्याच्याच लायकीचे.

वेरूळच्या एकविसाव्या, रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वतींचा सारीपाट कोरलेला आहे. खाली गण नंदीच्या खोड्या काढीत आहेत. ते शिल्प पाहताना मला शंकराची कीव येते. फाशांच्या खेळात वाईट दानही पडायचेच; पाने टाकून हातातून अंग काढून घेण्याची सोय तिथे साक्षात महादेवालाही नाही! पत्त्यांनी ती आपल्याला दिली आहे.

म्हणून यंदा प्रथमच डावात बसणाऱ्या भाच्याला मी एवढेच सांगणार आहे : बाळ, पाने पाहा, बरी नसली तर टाक आणि खुशाल चकली खा. डाव सोडता येऊ लागला, की खेळ येऊ लागला म्हणून समज.