विंचवाचे बिऱ्हाड चाकांवर

आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. आमचे बिऱ्हाड गेली अकरा वर्षे चाकांवर आहे. निजायला दोन फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि पडद्याआड एक मोरी, एवढा संसार असलेली जुनी तेरा आसनी मिनीबस आम्ही २०१४ मध्ये घेतली. पाश्चात्त्य देशांत अशा गाडीतून लोक महिनोन् महिने हिंडतात. तिला कॅराव्हॅन म्हणतात. आपल्या भाषेत तांडा म्हटले तरी चालेल.

हा तांडा आमच्या ठाणे जिल्ह्याला काही नवा नाही. कल्याण हे फार जुने बंदर. येथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे नाणेघाट चढत आणि जुन्नरला जात. घाटातल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा शिलालेख आहे आणि माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्याला जकातीचा रांजण म्हणतात. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार भरतो. माझ्या लहानपणी आम्ही तेथे बैलगाडीने जात असू. गाडीखाली घोंगडी अंथरून निजायचे, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायचा, बैल जुवाला बांधायचे. माझ्या मते तेच आमचे पहिले फिरते घर.

आता ही गाडी का घेतली ते सांगतो, म्हणजे पुढचे धडे नीट लागू पडतील.

वडील गेल्यावर आई डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली. घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. मुरबाडच्या बाजूला आमची थोडी भातशेती आहे, ती चुलतभाऊ पाहतो. मृग लागला की आईचा जीव तिकडे ओढ घ्यायचा. "राब कसा आलाय? आवण कधी काढणार?" हेच दिवसभर चालायचे. पण वयोमानाने तिला तासाभराहून अधिक लघवी आवरत नसे. एस.टी.चा प्रवास तिने त्या लाजेपायी सोडला. भाड्याची मोटार केली तर रस्त्यात दोनदा आडोसा शोधावा लागे. मग तीही तिने बंद केली. "मला नाही जायचं," असे म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. शेतकऱ्याच्या बाईने पावसाळ्यात भिंतीकडे तोंड करून निजावे, हे आम्हाला पाहवेना. म्हणून मोरी असलेली गाडी घेतली, हौसेखातर नव्हे.

आधी कागद, मग करवत

गाडी घेतल्यावर सुतार बोलावण्याची घाई करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही. आसने काढली, प्रकार बदलला, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात ते आधी मंजूर करून घ्यावे लागते. तसे केले नाही तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी. आमचे या कामात चार महिने गेले. ते वाया गेले असे मला वाटत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. स्वस्तात मिळालेली चौदा वर्षांची गाडी त्यामुळे महाग पडते.

वजन आणि घाट

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की एक क्विंटल ओझे वाढले. हे मला पुस्तकात ठाऊक होते, पण पटले ते माळशेज घाटात.

पहिल्याच वर्षीची दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही ओतूरकडून परतत होतो. गाडीत पाच माणसे, टाकी काठोकाठ आणि स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला चार गोणी कांदा. माथ्यावर मी डिझेल वाचविण्याच्या शहाणपणाने गिअर काढला आणि ब्रेकवर गाडी सोडली. दोन-तीन वळणांनंतर मागून आई म्हणाली, "अरे, काय जळतंय?" मी म्हटले, काही नाही. तिने पुन्हा विचारले. तेव्हा पाय दाबला, तर ब्रेक मऊ लागला, लोण्यात बोट घातल्यासारखा. गिअर खाली आणला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि कठड्याजवळच्या रुंद जागेत गाडी कशीबशी उभी केली. चाकांतून धूर येत होता. खाली दरी होती.

तासभर आम्ही तेथे बसलो. कोणी मला बोलले नाही, पण मला स्वतःची लाज वाटली. औषध फवारताना तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हे मी गावोगाव सांगत हिंडतो, आणि माझी स्वतःची आई मागे बसलेली असताना मी चार पैशांच्या डिझेलसाठी हा खेळ केला.

तेव्हा नीट लक्षात ठेवा. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी कधीही गिअर काढून सोडू नका. ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, तडा जातो. घाटापूर्वी टाकी अर्धी ठेवा, पाणी खालीही मिळते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उतारावरून येणाऱ्यांनाही हे सारे तंतोतंत लागू आहे.

गॅस, वीज आणि उंदीर

गॅस हवेहून जड असतो. गळला की तो वर जात नाही, फरशीवर साचतो. म्हणून अशा गाडीत खिडक्या असून भागत नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीच्या बाहेर उघडणारी झरोक्याची जागा हवी. आमच्याकडे एका पावसाळ्यात उंदराने नळी कुरतडली. वास आला तो पत्नीला. तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारे उघडली आणि सगळ्यांना पावसात बाहेर काढले. त्या दिवसापासून आम्ही पाच किलोचा लहान सिलिंडरच ठेवतो, स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करतो आणि नळी जाळीची वापरतो. थंडीत बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून कोणी निजू नये. तिचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच संपवतो.

विजेचा हिशेब साधा आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर बॅटरी लवकर मरते. पाच वॅटचे तीन दिवे चार तास लावले तर ६०, वीस वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर ३२०, फोनला ४०. बेरीज ४२०, म्हणजे रात्र निघते. छतावरचे शंभर वॅटचे सौर तावदान चांगल्या उन्हात दिवसभरात साधारण एवढे भरून काढते. आषाढात मात्र त्याच्यावर विसंबू नका.

रस्ता, पूल आणि वेळ

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अशी गाडी बाळगणे सोपे नाही. आमच्या सोसायटीत ती मावली नाही. शेवटी मुरबाड रस्त्यावरच्या एका नातेवाइकाच्या अंगणात ती राहते. गाडी घेण्याआधी तिला उभी करायला जागा आहे का, हे पाहा. बैल घेण्याआधी आपण गोठा पाहतो तसे.

गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. आम्ही सौर तावदान बसवले आणि उंची नऊ इंच वाढल्याचे विसरलो. एका पुलाखालच्या लोखंडी कमानीने आठवण करून दिली.

निघायचे तर पहाटे पाचच्या आत. घोडबंदर रस्ता, भिवंडीचे वळण, कल्याण-शीळ रस्ता, उजाडल्यावर यांतला कोणताही तुम्हाला सोडत नाही. कल्याणचा १९१४ सालचा पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. त्या दोन वर्षांत आम्ही पुलापाशी गाडीतच चहा करून प्यालो आहोत. तेवढ्यापुरता शेजारच्या गाड्यांना आमचा हेवा वाटे.

पावसाळ्यात उल्हास नदीकडे लक्ष ठेवावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ते वाचकांना आठवत असेल. त्या दिवशी आम्ही गावी होतो. रायत्याचा पूल ओलांडला की कल्याण, म्हणून मी निघण्याची घाई करीत होतो. आई म्हणाली, "घर बरोबर आहे ना? मग जायचं कुठं?" आम्ही उंचावर गाडी लावून दोन दिवस थांबलो. तांदूळ, डाळ, गॅस, पाणी सारे जवळ होते. फिरत्या घराचा खरा उपयोग हाच आहे की थांबता येते. दोन फूट वाहते पाणी मोठ्या गाडीलाही ढकलून नेते. पाण्याचा अंदाज गाडीत बसून करू नये.

दुसऱ्याच्या गावात

मुक्काम करताना आधी विचारावे. देवळाचे आवार असो की शाळेचे मैदान, सरपंच किंवा पोलीस पाटील यांना सांगून गाडी लावली तर रात्री कोणी दार ठोठावत नाही, उलट सकाळी दूध येते. भाताच्या खाचरात, बांधावर किंवा ओल्या वरकस जमिनीवर गाडी घालू नये. गाडी रुतते आणि शेतकऱ्याची जमीन दबते. मोरीची पेटी ओढ्यात किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही रिकामी करू नये. आम्ही ती घरी आणून संडासातच रिकामी करतो. त्यात कमीपणा कसला?

आता शेतकरी वाचकांसाठी दुसरी बाजू. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. रस्त्यालगत पडीक मुरमाड तुकडा असेल, तर अशा गाड्यांना रात्रीपुरती जागा देता येईल. फार खर्च नको. बारा फूट रुंद फाटक, तेवढ्याच उंचीपर्यंत छाटलेल्या फांद्या, टणक जमीन, पिण्याच्या पाण्याचा नळ, अर्थिंग केलेला विजेचा एक जोड, सांडपाण्याला शोषखड्डा आणि स्वच्छ संडास. दर फळ्यावर लिहून ठेवावा, म्हणजे पाहुणा आणि यजमान दोघेही मोकळे. पण यासाठी कर्ज काढू नका आणि भाताचे खाचर भरून घेऊ नका. आधी एक हंगाम अंदाज घ्या.

शेवटची फेरी

२०२० च्या टाळेबंदीत गाडी महिनोन् महिने जागेवर उभी होती. बॅटरी मेली, टायर बसले, उंदरांनी गादी फोडली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. पंधरवड्यातून एकदा तरी ती दहा-बारा किलोमीटर फिरवावी, हा त्यातला धडा.

२०२२ च्या जुलैत आईने लावणी पाहायची इच्छा धरली. तोपर्यंत ती फार थकली होती. डॉक्टर म्हणाले, नेणार असाल तर निजवून न्या. आम्ही तिला फळीवर निजवून पहाटे नेले आणि शेताच्या कडेला मुरमावर गाडी लावून मागचे दार उघडले. पाऊस भुरभुरत होता. खाचरात इरली घेतलेल्या बाया लावणी करीत होत्या. चारसूत्री पद्धतीने, दोरी धरून, ठरावीक अंतरावर चूड लावावेत, हे मी तिला वीस वर्षे सांगत आलो होतो आणि तिने कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी ती उशीवरून ओरडली, "अगं, दोरी सरळ धरा! नाहीतर हा घरी येऊन भाषण देईल." बाया खूप हसल्या. ती दुपारपर्यंत तशीच बघत राहिली, मोरीला दोनदा जाऊन आली आणि एकदाही लाजली नाही. भाद्रपदात ती गेली.

आता लोक विचारतात, गाडी विकणार का? हिशेबाने पाहिले तर विकावी. वर्षातून तीस-चाळीस रात्रींपेक्षा कमी वापर असेल त्याने अशी गाडी बाळगू नये. लागेल तेव्हा भाड्याने घ्यावी, हेच मी तुम्हालाही सांगेन. पण आमच्या नात्यात आणखी दोन म्हाताऱ्या आहेत. त्यांचेही एस.टी.ने जाणे असेच बंद झाले आहे. येत्या मृगात त्यांना माहेरी न्यायचे कबूल केले आहे. त्यासाठी मागच्या आठवड्यात ब्रेकचे लायनर आणि गॅसची नळी नवी बसवून घेतली.

तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस "मला नाही जायचं" म्हणत असेल, तर एकदा शेजारी बसून खरे कारण विचारा. कदाचित गाडी घ्यावीही लागणार नाही. वाटेत दोन ठिकाणी ओळखीचे घर आणि स्वच्छ संडास एवढेच पुरेल.