आमच्या घरात ऑन-कॉल कोण आहे?

माझी मोठी बहीण एमडी करतेय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कशात? जेरियाट्रिक्समध्ये, असं म्हटलं की समोरचा गोंधळतो. मग 'म्हाताऱ्या माणसांचं मेडिसिन' असं समजावून सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर थोडी दया येते. बिचारीला स्किन किंवा रेडिओलॉजी मिळालं नसणार! आमच्या एका काकांनी तर लग्नाच्या पंगतीत विचारलं, "त्यात शिकायचं काय असतं? म्हाताऱ्यांची सेवा संस्कारातून येते."

ताई हसून जिलेबी खात राहिली. मला मात्र ते वाक्य पुरून उरलं. ज्या गोष्टी संस्कारातून येतात, त्या आपल्याकडे नेमक्या कोणाच्या वाट्याला येतात, हे ताईच्या अभ्यासामुळे आमच्या घराला आकड्यांत बघायला मिळालं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी पुण्यात, काम घरून, घर छत्रपती संभाजीनगरला सिडकोत. घरात आई, बाबा, मी आणि ८३ वर्षांची आजी. ताई दुसऱ्या शहरात शिकते. म्हणजे हा विषय आपल्या गावात नाही असं नव्हे. आपल्या घाटीत वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथे या विषयातलं एमडीही होतं. पण शहरात कोणालाही विचारा, घाटी म्हटल्यावर अपघात विभाग आठवतो, हा विभाग नाही.

विषय तसा जुना आहे. 'जेरंटॉलॉजी' हा शब्द १९०३ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने वापरला, 'जेरियाट्रिक्स' १९०९ साली नॅशर या डॉक्टरने. पण ताईचा आवडता किस्सा मार्जरी वॉरन यांचा. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात त्यांच्याकडे ७००हून जास्त जुनाट रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले, 'आता यांचं काही होणार नाही' म्हणून सोडून दिलेले. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, ज्यांना उठवता येईल त्यांना उठवलं, चालवलं. त्यांतले बरेच जण घरी गेले. नवं औषध सापडलं नव्हतं. प्रत्येकाला नीट तपासून 'हा माणूस काय काय करू शकतो?' एवढं विचारलं गेलं होतं.

भारतात या विषयातलं एमडी १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झालं. माझा जन्मही त्याच सुमाराचा. म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण अजून तिशीतच आहे.

ताई सुट्टीत घरी आली की आजी तिची प्रॅक्टिकल. एक चाचणी फार साधी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावला. आजीला एकोणीस सेकंद लागले. त्यात मध्ये थांबून पदर सावरला, ते दोन सेकंद धरून. "आता चालायची पण परीक्षा का बाई?" असं म्हणून ती बसली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "लाव घड्याळ."

त्या एकोणीस सेकंदांमुळे बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचा दांडा बसला. प्लंबरने विचारलं, "घरात पेशंट आहे का?" ताई म्हणाली, "होऊ नये म्हणून."

मग औषधं. ताईने सगळ्या पट्ट्या एका ताटात मांडल्या. नऊ प्रकारच्या गोळ्या, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच दिल्या होत्या, पण अख्खं ताट कोणी पाहिलं नव्हतं. वय वाढलं की कोणती औषधं जपून द्यावीत याची यादी मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केली. ती अजून सुधारत असतात. झोपेच्या काही गोळ्या त्यात आहेत, कारण त्यांनी गुंगी येते आणि माणूस पडतो. आजीचं ताट घेऊन आम्ही फिजिशियनकडे गेलो. त्यांनी दोन गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या. कोड रिव्ह्यू म्हणजे तरी काय असतं? चार जणांनी चार वेळा लिहिलेलं एकाने सलग वाचणं.

स्मरणशक्तीच्या चाचणीत मजा आली. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी जी चाचणी आहे तिच्यात इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगायचं, शंभरातून सात-सात वजा करायचे. आजी चौथीपर्यंत शिकलेली. ताईने विचारलं, "आज तारीख किती?" आजी म्हणाली, "तारीख काय माहीत. काल एकादशी झाली, आज बारस." कागदावर हे चुकलेलं उत्तर. पण भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहिलं तर बारसच होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी १९९५ च्या सुमारास हीच चाचणी हिंदीत नव्याने बांधली. शाळेत न गेलेल्या माणसाला शाळेचे प्रश्न विचारून 'विसरभोळा' ठरवणं हा चाचणीतला बग आहे, हे त्यांनी ओळखलं.

आणि मग ताईने एक प्रश्नावली काढली जी आजीसाठी नव्हतीच. झॅरिट यांची, बावीस प्रश्नांची. ती सांभाळणाऱ्या माणसासाठी असते. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, तब्येतीवर परिणाम झालाय का, लोकांत मिसळणं कमी झालंय का, अशा अंगाचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. एकूण ८८. जितके जास्त, तितका भार जास्त.

आई पोळ्या करत होती. "मला कशाला विचारतेस? मी काय आजारी आहे का?" तिसऱ्या प्रश्नाला तिने गॅस बंद केला. सातव्याला खाली बसली. बाविसावा संपेपर्यंत कणीक वाळली होती. बेरीज आली ४१. मध्यम ते तीव्र भार इथूनच सुरू होतो. आई कागदाकडे बघत म्हणाली, "हेच तुझ्या बाबांना विचार."

बाबांचे आले ९.

एकच घर, एकच आजी. बाबा आजीवर कमी प्रेम करतात असं कोणी म्हणणार नाही. दवाखान्याचे पैसे, रिक्षा, रिपोर्ट, सगळं तेच बघतात. पण रात्री दोनदा उठून आजीला बाथरूमला नेणं, तिचे केस धुणं, तिचा राग झेलणं हे ४१ मध्ये होतं, ९ मध्ये नव्हतं.

आमच्या टीममध्ये रात्री सर्व्हर बंद पडला तर उठायचं कोणी, याची पाळी असते. आठवडाभर ऑन-कॉल, मग दुसरा येतो. एकाच माणसाला सलग दोन महिने ठेवलं तर मॅनेजरला जाब विचारला जाईल. आई सहा वर्षं ऑन-कॉल आहे. तिचं वय ५७ आणि गुडघे तिचेही दुखतात.

आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मी तेव्हा वाचला. त्यात 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. तिच्यावर कायद्याने जबाबदारी टाकलेली नाही, हे एका अर्थी बरंच. पण गंमत बघा, कायद्यात ज्या नातवाचं नाव आहे तो लॅपटॉपसमोर, आणि जिचं नाव नाही ती बाथरूमच्या दारात उभी.

आता आमच्या फ्रिजवर पाळीचा तक्ता आहे. सोमवार ते गुरुवार रात्री मी, शुक्रवार-शनिवार बाबा, रविवारी आई. पहिल्या आठवड्यात आजीला माझा हात धरायला संकोच वाटला. कसं उठवायचं हे ताईने व्हिडिओ कॉलवर शिकवलं: खांद्याला धरून ओढायचं नाही, आजीला आधी कडेला सरकू द्यायचं, पाय जमिनीला टेकवू द्यायचे, मग तिनेच उठायचं, आपण फक्त सोबत. शिकायला मला चार रात्री लागल्या. बुधवारी दुपारी आई गारखेड्याला मावशीकडे जाते. तीन महिन्यांनी पुन्हा बावीस प्रश्न विचारले. आई ३१, बाबा १७. बेरीज जवळपास तीच राहिली, वाटणी बदलली.

२०२२ मध्ये भारतात साठीपुढचे १४.९ कोटी लोक होते. २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील असा अंदाज आहे. तोवर मीही त्यांच्या जवळपास पोचलेला असेन. एवढ्या लोकांना पुरतील इतके ताईसारखे डॉक्टर तयार होणार नाहीत. उठवायचं कसं, गोळ्या कोणाला दाखवायच्या, दांडा कुठे बसवायचा हे घरोघरी कोणाला तरी शिकावंच लागेल. फक्त ती कोणीतरी एकटी बाई असू नये.

तुम्ही पुण्यात, हैदराबादमध्ये किंवा बंगळुरूत बसून हे वाचत असाल, तर पुढच्या फोनवर आजी-आजोबांची तब्येत विचाराच. त्यानंतर फोन त्यांना सांभाळणाऱ्या माणसाकडे द्यायला सांगा आणि विचारा, काल रात्री किती वेळा उठावं लागलं? उत्तर बहुधा 'काही नाही रे, चालायचंच' असं येईल. आकडा मिळेपर्यंत फोन ठेवू नका.