लहान की मोठा?

लहान घ्यावं की मोठं, हा प्रश्न मध्यमवर्गीय माणसाला नारळापासून ब्लॉकपर्यंत जन्मभर छळतो. लहान आणलं की घरात ‘एवढंसं?’ असं होतं आणि मोठं आणलं की ‘एवढं कशाला?’ असं होतं. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात. ते तोंड कोणाचं, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. पण नारळ निदान वाजवून तरी बघता येतो. कॅमेरा वाजवायला घेतला तर दुकानदार आपल्यालाच वाजवील.

मी कॅमेरा घ्यायला निघालो ते साल २०१२. माणसं तेव्हा फोनवर मुख्यतः बोलत असत. फोनमधून फोटो निघत, पण रात्री काढलेल्या फोटोत बायको कोणती आणि पडदा कोणता, हे बायकोलाच विचारावं लागे. म्हणून कॅमेरा. कारण म्हणाल तर अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन. म्हणजे वडिलांना ८० वर्षं पुरी होऊन वर काही महिने झाले होते आणि घरात त्यांचा धड असा एक फोटो नव्हता. जे होते ते सगळे पेन्शनच्या कागदांवर डकवलेले. मी बँकेत असल्यामुळे असे फोटो रोज शेकड्यांनी बघतो. फॉर्मवरच्या त्या चौकोनात भला माणूससुद्धा जामिनावर सुटल्यासारखा दिसतो.

धड फोटो नसणं म्हणजे काय, हे आम्ही आईच्या वेळी बघितलं होतं. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर तिचा एकटीचा एकही निघेना. अण्णांचा आगफा क्लिक थ्री होता. पण त्या कॅमेऱ्याच्या एका रोलवर फोटो निघत फक्त १२, आणि अण्णा तो रोल एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत पुरवीत. त्यातून आईला बोलावलं की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘‘हात ओले आहेत, तुम्ही घ्या काढून.’’ शेवटी मामेबहिणीच्या लग्नातल्या ग्रूपमधून तिला कापून काढलं. तिच्या खांद्यावर मामीचा हात होता. स्टुडिओवाल्याने तो पुसला आणि त्या जागी पदर वाढवून दिला, वर काठाला जर लावली. इतकी भारी साडी आईला जन्मात मिळाली नव्हती. अण्णा रोज त्या फोटोला फूल वाहायचे, पण बघायचे मात्र खाली फुलाकडे.

तेव्हा या खेपेला हयगय करायची नाही, असं मी ठरवलं आणि सल्ला विचारला. मी एकालाच विचारला, पण आपल्याकडे सल्ला मागणाऱ्याला तो घाऊक भावात मिळतो. कॅशमधला माझा मित्र लहान कॅमेऱ्याचा. त्याच्याकडे तो होताच, शर्टाच्या खिशात मावणारा: १६ मेगापिक्सेल, १८ पट झूम, वजन पाव किलोच्या आत. ‘‘अरे, सहस्रचंद्रदर्शन ना? यात चंद्रावरचे डाग दिसतात,’’ तो म्हणाला आणि त्याने मला खरोखरच चंद्राचा फोटो दाखवला. ‘‘तुझ्या त्या मोठ्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते ना, तिच्यात चंद्र मोहरीएवढा येतो. सहस्र चंद्रांची मूठभर फोडणी होईल.’’

मेव्हणा पडला डीएसएलआरवाला. त्याने ‘डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स’ हे नाव संकल्प सोडल्यासारखं उच्चारलं. त्याच्या मनातला कॅननचा ११००डी होता १२ मेगापिक्सेलचा, लेन्स धरून पाऊण किलोच्या आसपास, आणि किंमत लहान कॅमेऱ्याच्या दुपटीच्या घरात. इथे माझी वाणिज्य शाखेची पदवी जागी झाली. १६ चे पैसे कमी आणि १२ चे जास्त, हे कोणत्या खतावणीत बसतं?

मेव्हण्याने कागद घेतला. लहान कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी जी चकती असते, म्हणजे सेन्सर, ती सुमारे ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार रुंद. करंगळीच्या नखाएवढीच धरा. मोठ्यातली सुमारे २२ बाय १५. गुणाकार मीच केला, तो माझा धंदा. एकीकडे २८ चौरस मिलिमीटर, दुसरीकडे सव्वातीनशेच्या वर. जवळजवळ बारा पट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहान कॅमेऱ्यात सोळा बिऱ्हाडं चाळीतल्या एका खोलीत कोंबलेली, आणि मोठ्यात बारा बिऱ्हाडं प्रत्येकी अंगणासकट. दिवसा काही कळत नाही. चाळीतले लोकही दिवसा बाहेरच असतात. खरी गंमत दिवेलागणीनंतर. प्रकाश म्हणजे पाऊस समजा. धो धो पडतोय तोवर वाटी ठेवा नाहीतर पातेलं, दोन्ही भरतात. पण रिमझिम असली तर वाटीत चार थेंब. मग कॅमेरा त्या चार थेंबांचा हिशेब फुगवून दाखवतो, आणि फोटोवर देवी आल्यासारखी खडी उठते. अण्णा बसत ते माजघरात, एका ट्यूबलाइटखाली. आणि तीसुद्धा मनात येईल तेव्हा पेटणारी. त्या उजेडात पातेलंच हवं होतं.

शिवाय लहान कॅमेऱ्याला बटण दाबल्यावर विचार करायची सवय असते. आपण दाबतो, तो आधी नजर जुळवतो, मग टिपतो. तोवर नातवंड फोटोतून निघून गेलेलं असतं आणि राहतो फक्त पाट. अर्थात पूर्वीच्या मानाने हे काहीच नाही. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियराने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि चित्रात ठिपके दहा हजार. कंपनीचा फिल्मचा धंदा भरात होता, तेव्हा तिला या खेळण्याची घाई नव्हती. २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जखात्यात बसणाऱ्या माणसाला अशा गोष्टी लक्षात राहतात.

एवढं झाल्यावर मोठाच घ्यायचा, हे कोणालाही पटलं असतं. मलाही पटलं होतं. आड आले ते अण्णा. मेव्हणा एका रविवारी आपला डीएसएलआर घेऊन आला आणि त्याने तो अण्णांवर रोखला. अण्णा ताठ झाले. मान वर, ओठ मिटलेले, हात मांडीवर. त्या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर, आपल्या डोळ्याकडे पाठवतो, आणि बटण दाबलं की स्वतः वर उचलला जाऊन वाट मोकळी करतो. त्याचा ‘खटॅक्’ असा आवाज होतो. त्या प्रत्येक खटॅक्‌ला अण्णा डोळे मिटायचे. मेव्हण्याने ३० फोटो काढले. ३० ही फोटोंत अण्णा ध्यानस्थ! रिमझिमीतला थेंब न् थेंब टिपलेला, खडीचा मागमूस नाही, भुवईचा प्रत्येक केस मोजून घ्यावा. फक्त त्यात अण्णा नव्हते.

‘‘फ्रेमसाठीच काढतोयस ना?’’ अण्णांनी विचारलं. मेव्हण्याने कॅमेरा पिशवीत घातला. चहा मुकाट्याने झाला.

मग मित्राचा लहान कॅमेरा आठवड्याच्या बोलीवर घरी आणला. त्याचा आवाज बंद करता येतो. तो हातात धरून कोणी उभं असलं तरी अण्णांना वाटे, सुपारीची डबी आहे. पण माजघरातले फोटो आले ते खडीचे. अण्णा हसतायत की शिंकतायत, हे ओळखायला नातेवाईकच हवा. म्हणजे एका कॅमेऱ्यात प्रकाश होता आणि अण्णा नव्हते, दुसऱ्यात अण्णा होते आणि प्रकाश नव्हता. अशा वेळी आमच्या बँकेत प्रकरण वरच्या ऑफिसकडे पाठवतात. आमचं वरचं ऑफिस स्वयंपाकघरात. तिथून उत्तर आलं, ‘‘अहो, ज्यांचा फोटो त्यांनाच घेऊन जा की दुकानात.’’

गेलो. व्ही.टी.ला उतरून बोरा बाजार. तिथे कॅमेऱ्यांची दुकानं खांद्याला खांदा लावून उभी. आमची ही पण बरोबर, मित्राचा लहान कॅमेरा तिच्या पर्समध्ये, तुलनेला असावा म्हणून. दुकानदाराने काचेवर दोन्ही मांडले आणि अण्णांचं वय बघून लहान त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो डोळ्याला लावला. त्याला लावायला भोकच नव्हतं. मागे नुसता पडदा, लांब धरून बघायचा, चाळिशी लागलेल्याने पेपर धरावा तसा. त्यांनी तो गुपचूप खाली ठेवला आणि मोठा उचलला. डावा तळवा लेन्सखाली, कोपर छातीशी, एक डोळा मिटलेला. हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पंचवीस-तीस वर्षांनी हात कॅमेऱ्याला लागला होता, पण हाताला सगळं ठाऊक होतं. त्यांनी तो माझ्यावर रोखला, मग रस्त्यावरच्या हातगाडीवर, मग पुन्हा माझ्यावर.

‘‘तू जाड झालायस,’’ ते म्हणाले आणि खटॅक्! या खेपेला आवाज त्यांचा स्वतःचा होता; डोळे मिटायचं कारणच नव्हतं.

‘‘रोल किती फोटोंचा?’’ त्यांनी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘‘काका, कार्ड आहे. हजाराच्या वर निघतील.’’ अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हजार?’’ आणि कॅमेरा त्यांनी परत दिलाच नाही. पाकिटातून मी पैसे काढले ते त्या एका शब्दावर. पुढे बॅग घेतली, ट्रायपॉड घेतला, ज्यादा लेन्स घेतली. डीएसएलआर ही खरेदी नसून रिकरिंग डिपॉझिट असतं, आणि व्याज आपणच भरायचं असतं. हे दुकानदार आधी सांगत नाहीत.

सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो उत्सवमूर्तींनीच काढले. गुरुजी ‘यजमान कुठे?’ म्हणून ओरडत होते आणि यजमान सुनेला सांगत होते, ‘‘हात ओले असू देत, इकडे बघ.’’ स्वयंपाकघरातल्या बायकांचे इतके फोटो आमच्या घराण्यात कोणी काढले नसतील. मामीचाही काढला, हातासकट.

अण्णा २०१५ साली गेले. त्यांचा एकुलता एक चांगला फोटो निघाला तो हिने बोरा बाजारात, पर्समधल्या त्या लहान कॅमेऱ्याने काढलेला. दुकानाच्या दाराशी दुपारचं ऊन भरपूर होतं, धो धो पाऊसच म्हणा. वाटीसुद्धा काठोकाठ भरली. अण्णांचा अर्धा चेहरा डीएसएलआरच्या मागे आहे आणि उरलेला अर्धा हसतोय. फ्रेमवाला म्हणाला, ‘‘साहेब, पूर्ण तोंड दिसेल असा नाही का?’’ मामीही म्हणाली. तोच लावला.

आईशेजारी लावायचा होता, पण तिथे मीटरबॉक्स येतो, म्हणून समोरच्या भिंतीवर खिळा मारला. तिथून अण्णांचा कॅमेरा नेमका आईकडे रोखलेला आहे.