एकाच खोताची कुळं

बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट २०२२. तीन हजार मीटर स्टीपलचेसचा शेवटचा अडथळा ओलांडून अविनाश साबळे केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागोमाग रेषेकडे झेपावला आणि अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे राहिला. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जात होता. ती साखळी मांडव्याच्या पोराने तोडली. त्याच्या आठवडाभर आधी सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात कोपर दुखावलेलं असतानाही एकूण २४८ किलो उचलले होते. मलेशियाच्या मुलाने २४९ उचलले. वडिलांच्या पान-चहाच्या दुकानात हातभार लावत वाढलेल्या या मुलाचं सोनं एका किलोने गेलं.

दोन्ही रुपेरी पदकांचा आनंद झालाच. पण मला जास्त मोलाचं वाटलं ते वेगळं. साबळेने स्वतःला मापलं ते केनियाच्या पठारावरच्या पोराशी, आणि संकेतने मलेशियाच्या. या तिन्ही देशांवर एकाच सत्तेने राज्य केलं. कित्येक पिढ्या इथल्या हुशार मुलाला एकच दिशा ठाऊक होती: लंडनची. बॅरिस्टर व्हायचं तर तिकडे, आयसीएस व्हायचं तर तिकडे. नैरोबीचा किंवा क्वालालंपूरचा मुलगा काय शिकतो, काय खातो, कशाला घाबरतो, हे आपल्याला माहीत असण्याचं काही कारणच ठेवलेलं नव्हतं.

राष्ट्रकुलाच्या भाषणांत ‘राष्ट्रांचं कुटुंब’ असा उल्लेख हमखास येतो. मला तो पटत नाही. कुटुंब कसलं? कोकणात एकाच खोताची कुळं गावोगाव विखुरलेली असायची. प्रत्येक कूळ आपापला मक्ता घेऊन खोताच्या अंगणात जायचं, मान खाली घालून परत यायचं. शेजारच्या वाडीतल्या कुळाशी बोलायची वेळच यायची नाही. खोती गेल्यावर त्या कुळांची पोरं एकमेकांना भेटू लागली, तर त्या भेटीला मोल आहे. ती खोताच्या जुन्या वाड्यात होते, एवढ्यावरून ती टाकून द्यावी असं मला वाटत नाही. मात्र वाडा कुणाचा, हे विसरूही नये.

त्या वाड्यात जावं की नाही, हा प्रश्न जुनाच आहे. १९४९च्या एप्रिलमध्ये लंडन जाहीरनामा झाला. प्रजासत्ताक होऊनही भारत राष्ट्रकुलात राहील असं नेहरूंनी ठरवलं, तेव्हा समाजवाद्यांनी आणि कम्युनिस्टांनी कडाडून विरोध केला होता. ज्यांच्या अंगावर लाठ्यांचे वळ होते, त्यांचा संताप रास्तच होता. पण त्या निर्णयामुळे राजाशी निष्ठेची अट सुटली आणि पुढे आफ्रिकेतले, कॅरिबियनमधले नवस्वतंत्र देश त्याच वाटेने आत आले. आज ५६ देश आहेत. त्यांतले मोझांबिक, रवांडा, गॅबन आणि टोगो तर कधी ब्रिटिशांच्या ताब्यातली वसाहत नव्हते. या सगळ्या देशांतली साठ टक्क्यांहून अधिक माणसं तिशीच्या आतली आहेत. म्हणजे ज्यांनी साम्राज्य पाहिलेलंच नाही अशांची ही संघटना झाली आहे, आणि तिचा हिशेब आता त्यांच्याच बाजूने मांडायला हवा.

तो मांडताना १९५९पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी ऑक्सफर्डच्या परिषदेत राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजना ठरली. एकट्या ब्रिटनच्या शिष्यवृत्त्यांवर आजवर तीस हजारांहून अधिक जण शिकून गेले. आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९६२ साली, त्याच ब्रिटनने कायदा करून राष्ट्रकुलातल्या माणसांना असलेली मुक्त प्रवेशाची वाट आवळली. निवडक मुलांना बोलवायचं आणि बाकीच्यांसाठी दार लोटून घ्यायचं, हे दोन्ही एकाच काळात घडलं. आजही तेच आहे. भारत आणि ब्रिटनमधल्या स्वतंत्र करारानुसार १८ ते ३० वयाच्या भारतीयांना दोन वर्षं तिथे राहून काम करता येतं. जागा वर्षाला तीन हजार आणि निवड सोडतीने. भारतातल्या तरुणांची संख्या डोळ्यांसमोर आणा. लॉटरीच ती.

तरीही त्या अरुंद दारातून गेलेल्यांकडे पाहिलं की मी गप्प होतो. शिरोळ तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी राष्ट्रकुल शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेली. तिचा विषय क्षारपड जमीन. कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन भूजल वर आलं आणि जमिनी मिठाने पांढऱ्या पडल्या, हे शिरोळच्या पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. तिच्या अर्जासाठी मी शिफारसपत्र लिहिलं. अर्जात एक मोठा रकाना होता: तुमच्या अभ्यासाचा तुमच्या देशाच्या विकासाला उपयोग काय? बाकीचा अर्ज तिने एका बैठकीत भरला, इथे मात्र अडली. पहिल्या मसुद्यात सगळे मोठमोठे शब्द होते, शाश्वत आणि सर्वसमावेशक वगैरे. मी विचारलं, “तुमच्या रानात मीठफुटी किती झाली?” ती म्हणाली, “सर, विहिरीकडचा सगळा तुकडा गेला. बाबा तिथं आता काहीच लावत नाहीत.” तेच लिहायला सांगितलं. शेवटी एक हमीही होती, की शिक्षण संपल्यावर मायदेशी परतेन. तिने ती वाचून न वाचल्यासारखी सही केली. परतायचं नाही हा विचारच तिच्या मनात नव्हता.

तिथे तिला बांगलादेशातल्या खुलनाची एक मुलगी भेटली. तिच्या गावच्या शेतातही मीठच, पण समुद्राचं: खाडीचं खारं पाणी, कोळंबीची तळी, चक्रीवादळं. पहिले काही दिवस दोघी आपापल्या प्राध्यापकाचा शब्द झेलत होत्या. मग एका संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी मातीच्या वाहकतेचे आकडे समोरासमोर ठेवले. शिरोळला जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा कसा करतात हे हिने कागदावर काढून दाखवलं. क्षार सोसणाऱ्या भाताच्या वाणांबद्दल ती बोलली. मला ही गोष्ट सांगताना आमच्या विद्यार्थिनीचा आवाज बदलला होता. “प्राध्यापकांना आमचा डेटा हवा होता, सर. तिला माझं रान बघायचं होतं.” शिष्यवृत्तीच्या कुठल्याही अहवालात हे येणार नाही, पण माझ्या मते हेच तिचं खरं फळ.

असं सगळं लंडनमार्गेच घडावं असं काही नाही. १९७३ साली राष्ट्रकुलाचा युवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याची केंद्रं मुद्दाम बाहेर ठेवली होती. आशियाचं केंद्र चंडीगढला, आफ्रिकेचं लुसाकाला; कॅरिबियन आणि पॅसिफिकसाठी आणखी दोन. गावपातळीवर तरुणांबरोबर काम करणाऱ्यांसाठी तिथून पदविका अभ्यासक्रम चालायचा. तरुणांत काम करणं हा प्रशिक्षण लागणारा व्यवसाय आहे, हे तेव्हा फार थोड्या सरकारांना सुचलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी ही केंद्रं बंद झाली. युवा परिषद आहे, पुरस्कार आहेत, २०२३ हे युवावर्ष म्हणून साजरंही झालं. मला त्या सोहळ्यांपेक्षा चंडीगढची एक चालती कचेरी मोलाची वाटते.

लंडनला वळसा घालून होणारी अशी भेट पुण्याने एकदा अनुभवलीय. २००८च्या ऑक्टोबरमध्ये बालेवाडीला युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. शहरात चर्चा रस्त्यांची आणि कंत्राटांचीच जास्त होती. मी सरावाच्या मैदानाच्या जाळीशी उभा होतो. बोट्स्वानाची जर्सी घातलेली एक मुलगी जमिनीवर बसून बुटांच्या तळाचे खिळे छोट्या पान्याने घट्ट करत होती. श्रीलंकेची एक मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली आणि स्वतःचा बूट पुढे केला. पहिलीने एकेक करून तिचेही सगळे खिळे पिळून दिले. मग दोघी उठून एकाच सरळ पट्ट्यात धावायला गेल्या. चौदा ते अठरा वर्षांच्या त्या वयात अशी ओळख झाली, तर नकाशावरचा तो देश पुढे आयुष्यभर रिकामा राहत नाही. मॉरिशसहून भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर इकडे शिकायला येणारी मुलं पाहिली की हे पुन्हा जाणवतं. त्यांतल्या काहींचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर नेलेले. त्यांचं आडनाव ऐकून आपल्याला धक्का बसतो, त्यांना बसत नाही.

भाषेचा हिशेब मात्र अजून चुकता झालेला नाही. २००१ साली अमिताव घोष यांनी आपली ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी राष्ट्रकुल लेखक पुरस्काराच्या स्पर्धेतून काढून घेतली. साम्राज्याची आठवण जपणारं ते नाव आणि फक्त इंग्रजी पुस्तकांना असलेला प्रवेश, या दोन्हींवर त्यांचा आक्षेप होता. नंतर आलेला राष्ट्रकुल लघुकथा पुरस्कार त्या मानाने पुष्कळ खुला आहे. प्रवेशशुल्क नाही, आधी पुस्तक छापलेलं असण्याची अट नाही; नवख्या लेखकासाठी याहून चांगलं काय? २०१६ साली पराशर कुळकर्णींना आणि २०२४ साली मुंबईच्या संजना ठाकूरला तो मिळाला. बंगाली, तमिळ, मलाय, स्वाहिली, सामोअन अशा भाषांतल्या कथा मूळ रूपात पाठवता येतात. मराठी त्या यादीत नाही. अंबाजोगाईच्या मुलाला आधी अनुवादक शोधावा लागतो. आपल्या विद्यापीठांनी, साहित्य संस्थांनी एकदा तरी हे मागितलंय का? मागायला हवं, आणि नेटाने.

२०३०मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांना शंभर वर्षं होतील आणि त्या अहमदाबादला भरतील. मैदानं उभी राहतील, पैसा वाहील. त्या पैशातला अगदी लहानसा वाटा बाजूला काढून एक साधी योजना करता येईल: राष्ट्रकुलातल्या एका गावच्या तरुणाने दुसऱ्या देशातल्या गावी महिनाभर राहायचं, शेतात, दवाखान्यात, शाळेत, आणि अर्ज लंडनला नाही, चंडीगढला करायचा. मी हे शिरोळच्या त्या मुलीला बोलून दाखवलं. ती आता तालुक्यातच काम करते आणि खुलनाच्या मैत्रिणीशी फोनवर आकडे ताडून पाहते. भेट मात्र पुन्हा झालेली नाही. तिने योजनेबद्दल काही मत दिलं नाही, फक्त तारीख सांगितली. “तिला बोलवायचं तर मेमध्ये बोलवा, सर. पाऊस झाला की मीठ खाली जातं, मग दाखवणार काय?”