एका बादलीची आंघोळ

(द्वितीय वर्ष, कला)

मोटार धुणे हा काय लेखाचा विषय झाला, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. वार्षिकांकात पावसावर लिहावे, आईवर लिहावे, गेला बाजार परीक्षेवर तरी लिहावे. पण ज्या कामात माझी रोजची सकाळ जाते आणि ज्यावर माझी फी भरली जाते, ते सोडून मी पावसावर लिहायला बसलो तर ते लिखाण उसने वाटेल. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर पार्किंगमध्ये उभे राहावे, एवढीच विनंती.

मी पुण्यात एका अपार्टमेंटमध्ये राहतो. हे वाक्य वर्गात उच्चारले की मित्रांच्या भुवया उंचावतात, म्हणून पुढचेही लगेच सांगतो. इमारतीत २० फ्लॅट आहेत आणि २१ वी खोली जिन्याखाली, पाण्याच्या पंपाला लागून आहे. त्या खोलीत माझे मामा आणि मी राहतो. मामा इमारतीचे वॉचमन. इमारतीत मोटारी १४. त्या रोज पुसायच्या आणि आठवड्यातून एकदा धुवायच्या, त्याचे मोटारीमागे महिना ५०० रुपये. पहाटे साडेपाचला आम्ही दोघे सुरुवात करतो. सातला कामावर जाणाऱ्यांची घाई सुरू होते, त्याआधी सगळे आटोपावे लागते. मग मामा गेटवर आणि मी कॉलेजात.

मामांचा पूर्वीचा रिवाज सगळीकडचाच होता. नळाला रबरी पाइप लावायचा, मोटारीवर धार सोडायची आणि मिळेल त्या फडक्याने घासायचे. पाण्याचा आवाज झाला म्हणजे काम झाले, असे वरच्या गॅलरीतून पाहणाऱ्यालाही वाटते. एकदा मी सहज मोजून पाहिले. आमच्या नळाखाली १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे १० मिनिटे पाइप चालला की १०० लिटर गेले. शहरातल्या एका माणसाला दिवसभराच्या सगळ्या गरजांसाठी १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी मानक आहे. एका मोटारीची आंघोळ म्हणजे जवळजवळ एका माणसाचा पाण्याचा दिवस.

हा हिशेब मला सुचला याचे कारण मी लातूरचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, एकेकीत सुमारे ५०,००० लिटर. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या घरी पाण्याचा प्रवास ठरलेला असे. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी अंगणातल्या लिंबाला. आंघोळ परातीत बसून करायची आणि परातीतल्या पाण्याने फरशी पुसायची. असा पोर पुण्यात आला आणि त्याच्या हातात धो धो वाहणारा पाइप दिला, तर त्याचा हात अवघडणारच.

गेल्या वर्षी मार्चअखेर आमच्या इमारतीतही टँकर सुरू झाले आणि जिन्याच्या फलकावर सूचना लागली. १ एप्रिलपासून आवारात मोटारी धुणे बंद. सूचना रास्त होती. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला होता, त्यापुढे आमची सूचना सौम्यच म्हणायची. पण तिच्यात आमचे महिन्याचे ७,००० रुपये बुडत होते. मामांचा वॉचमनचा पगार गावी मामी आणि मुलांकडे जातो. आमची चूल आणि माझे कॉलेज मोटारींवर चालते.

मी कमिटीशी बोलतो म्हणालो, तर मामा कळवळले. “कशाला बोलायलास बाळा? आपुन खालचे लोक. उद्या खोली सोडा म्हणले तर?” त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही रविवारी कमिटीच्या बैठकीला मी गेलो आणि एवढेच म्हणालो, “काका, बंदी पाइपवर घाला. एका बादलीत मोटार धुऊन दाखवतो, मग ठरवा.” अध्यक्ष काका निवृत्त गृहस्थ, हिशेबाचे पक्के. त्यांनी स्वतःचीच मोटार पुढे केली.

आता ते एका बादलीचे शास्त्र सांगतो. पत्र्यावर कारखान्यात जे थर चढवलेले असतात, त्या सगळ्यांची मिळून जाडी आपल्या वहीच्या एखाद-दुसऱ्या पानाएवढी असते. सर्वांत वरचा थर पारदर्शक असतो आणि चमक त्याची असते. धूळ म्हणजे बारीक दगड. कोरड्या फडक्याने ती घासली की या थरावर केसासारखे ओरखडे उठतात. सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात मोटार उभी करा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे दिसेल. ते जाळे धुळीने नव्हे, पुसणाऱ्याने विणलेले असते. म्हणून मोटार धुणे म्हणजे घासणे नव्हे. धूळ भिजवायची, सैल करायची आणि अलगद उचलायची.

त्यासाठी बादलीतले १५ लिटर पाणी तीन भांड्यांत वाटायचे. पाच लिटरमध्ये मोटारीचा शांपू, सात लिटर फडके खळबळायला, तीन लिटर शेवटच्या पुसण्याला. कपड्यांची पावडर वापरायची नाही, ती धुळीबरोबर मेणाचा थरही काढते. बॉनेट गार असले पाहिजे, नाही तर पाणी जागीच वाळून डाग पडतात. आधी सगळी मोटार ओल्या फडक्याने नुसती टिपून भिजवायची आणि थोडे थांबायचे. मग वरून खाली यायचे. छप्पर, काचा, बॉनेट, दरवाजे, आणि दरवाजांखालचा चिखलाचा पट्टा सर्वांत शेवटी. हात सरळ रेषेत चालला पाहिजे, गोल गोल नव्हे. मायक्रोफायबरच्या फडक्याची दोनदा घडी घातली की त्याच्या आठ बाजू वापरता येतात. एक बाजू मळली की दुसरी काढायची. चाकांचे फडके वेगळे, कारण चाकांवर ब्रेकच्या लोखंडाची पूड असते. खाली पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा मोटारीला लावायचे नाही. पाखरांची विष्ठा नखाने खरवडायची नाही. तिच्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवले की ती आपोआप सुटते.

अध्यक्ष काका खुर्ची टाकून बसले होते. गॅलरीतून माणसे पाहत होती. मामा दूर गेटजवळ उभे राहून घाम पुसत होते. पाऊण तासाने मोटार झाली आणि खळबळण्याच्या भांड्याच्या तळाशी मूठभर रेती बसली. काकांनी ती बोटांत घेऊन चोळली आणि म्हणाले, “ही इतके दिवस माझ्या गाडीवर फिरत होती तर!”

निर्णय झाला की पाइप बंद, बादली चालू. तीन मालकांना एवढ्याशा पाण्यात मोटार स्वच्छ होते हे पटले नाही आणि ते बाहेरून धुऊन आणू लागले. आमचे १,५०० रुपये गेले ते गेलेच. उरल्या ११ मोटारी. त्यांना पाइपने आठवड्याला १,१०० लिटर लागले असते, ते आता १६५ मध्ये भागते.

त्यातलेही बरेचसे पाणी आम्ही टाकाऊ वापरतो. घरोघरची पाणी शुद्ध करणारी आर. ओ. यंत्रे एका लिटरामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडून देतात. आठ घरे ते पाणी कॅनमध्ये भरून दाराबाहेर ठेवू लागली. मात्र या पाण्यात क्षार जास्त असतात. ते पत्र्यावर वाळले तर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून भिजवणे, शांपू आणि चाके या पाण्यात करायची, आणि शेवटचे तीन लिटर नळाचेच घ्यायचे.

तीन-चार महिन्यांतून एकदा आम्ही मेणही लावतो. डब्यावर कार्नौबा असे नाव आहे. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात एक ताडासारखे झाड वाढते. अंगातले पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून ते आपल्या पानांवर मेणाचा थर धरते. तेच मेण काढून जगभरच्या मोटारींना लावतात. दुष्काळात पाणी कसे राखावे हे त्या झाडाला ठाऊक आहे, हे वाचल्यापासून मला ते झाड आमच्याकडचेच वाटते. मेण लावलेल्या पत्र्यावर पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळतात, धूळ कमी चिकटते आणि पुढची धुणी आणखी थोड्या पाण्यात होतात.

या कामाला लोक ‘गाडी पुसणे’ म्हणतात, आणि पुसण्यात शिकण्यासारखे काय असणार, असा त्या शब्दाचा सूर असतो. घरात पहिल्यांदा कॉलेजात आलेला मुलगा म्हणून मलाही वाटायचे की ज्ञान म्हणजे ग्रंथालयातल्या कपाटात असते ते. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी दुर्मीळ साधनांचा पर्यायी उपयोग शिकवला, तेव्हा मला आईची परात आठवली. आईने तो विषय घेतलेला नव्हता.

आता दर रविवारी अध्यक्ष काका आपली मोटार स्वतः धुतात. मामांना ते पूर्वी गेटवरून “ए, जरा इकडे ये” अशी हाक मारीत. परवा दोन्ही हातांत दोन फडकी घेऊन उभे होते आणि विचारीत होते, “अहो, यातले छपराचे कुठले आणि चाकाचे कुठले?” मामांनी दोन्ही फडकी हातात घेतली, नीट पाहिली आणि म्हणाले, “ही दोन्ही बी आता चाकाचीच, साहेब. थांबा, दुसरं देतो.”